घरचा संगणक आणि औषधाचा शोध

एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझ्या मुलाने घरच्या संगणकावर एक प्रोग्राम बसवला आहे. आपण संगणक वापरत नसलो की तो आपोआप चालू होतो आणि परदेशातील शास्त्रज्ञांसाठी कर्करोगाची व इतर रोगांची गणिते करतो, असे तो सांगतो. पंखा घरघरतो, यंत्र तापते. यजमान म्हणतात, हे सारे थोतांड आहे, बिल मात्र आपल्याला. यात खरे किती?"

मुलाचेही खरे आहे आणि यजमानांच्या शंकेतही तथ्य आहे. विषय औषधगोळ्यांचा नसला तरी आरोग्याचा आहेच, म्हणून या आठवड्याची सारी जागा त्यालाच देतो.

प्रथम हे काम चालते कसे ते पाहू. आपल्याकडे खेड्यांत इर्जिक नावाची पद्धत होती. एखाद्याची नांगरट अडली की गावकरी आपापली बैलजोडी घेऊन येत आणि दिवसभरात शेत नांगरून देत. मजुरी नाही, फार तर संध्याकाळी जेवण. घरगुती संगणकांच्या या कामाचे तत्त्व तेच. बहुतेक घरांतला संगणक दिवसाचा बराच वेळ नुसता चालू असतो. कोणी पत्र टाइप करते, कोणी चित्र पाहते. तेवढ्याने त्याच्या ताकदीचा लहानसा भागही खर्ची पडत नाही. मग विद्यापीठातील मुख्य संगणक एका प्रचंड गणिताचे लाखो तुकडे करतो आणि इंटरनेटवरून एकेक तुकडा अशा घरोघरच्या यंत्रांकडे धाडतो. आपले यंत्र तो सोडवते, उत्तर परत पाठवते आणि पुढचा तुकडा मागते. काही प्रकल्पांत एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी देतात व दोन्ही उत्तरे जुळली तरच ती मान्य करतात, कारण हजारो अनोळखी यंत्रांपैकी एखादे बिघडलेले निघणारच.

या पद्धतीला लोकप्रियता मिळाली ती रोगसंशोधनाने नव्हे, तर परग्रहावरील जीवांच्या शोधाने! अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मे १९९९ मध्ये 'सेटी अ‍ॅट होम' हा उपक्रम सुरू केला. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींत कोणाचा निरोप सापडतो का, हे घरोघरच्या संगणकांवर तपासायचे. पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात सामील झाले. निरोप काही सापडला नाही आणि मार्च २०२० मध्ये तुकडे पाठवणे थांबले. पण एवढे लोक आपले यंत्र फुकट देतात, हे त्यातून सिद्ध झाले. वैद्यकाच्या दृष्टीने हीच मोठी कमाई.

ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी 'फोल्डिंग अ‍ॅट होम' सुरू केले. फोल्डिंग म्हणजे घडी पडणे. घडी कसली, तर प्रथिनाची. येथे थोडे थांबावे लागेल, कारण सारी मेख इथेच आहे.

प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे आठवतात. ते बरोबरच आहे. पण शरीर आहारातील प्रथिने तशीच्या तशी वापरत नाही. ती पचवून सुटे मणी करते आणि त्या मण्यांतून स्वतःला हवी ती प्रथिने नव्याने ओवते. या मण्यांना अमायनो आम्ले म्हणतात. त्यांचे मुख्य प्रकार वीस. कुठला मणी कुठल्या क्रमाने ओवायचा, हे जनुकात लिहिलेले असते. माळ ओवून झाली की ती स्वतःभोवती गुंडाळत, वळत, दुमडत एका ठराविक आकारात बसते. आकार बसला की ती कामाला लागते. रक्तातील प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन, साखरेवर नियंत्रण ठेवणारे इन्शुलिन, जंतूंशी लढणारी प्रतिद्रव्ये ही सर्व अशी दुमडलेली प्रथिनेच होत.

एक मणी चुकला तर काय होते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला परदेशी जायला नको. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांत सिकल सेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हिमोग्लोबिनमधील बीटा नावाच्या माळेत १४६ मणी असतात. सिकल सेलमध्ये त्यातील फक्त सहावा मणी बदललेला असतो. बाकी १४५ जागच्या जागी! व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये हे दाखवून दिले. त्या एका मण्यामुळे प्राणवायू सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या काड्या तयार होतात आणि गोल तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. पुढची कहाणी त्या भागातील आयाबायांना पाठ आहे: हातपाय दुखणे, रक्त कमी होणे, वारंवार दवाखाना.

इतर काही रोगांत माळ ठीक असूनही घडी बिघडते किंवा प्रथिनाचे तुकडे एकमेकांना चिकटून साका तयार होतो. अल्झायमर या विस्मरणाच्या रोगात मेंदूत अ‍ॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे असे साके आढळतात. पार्किन्सन म्हणजे कंपवातात दुसऱ्या एका प्रथिनाचे. हे साके रोगाचे मूळ कारण किती आणि परिणाम किती, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. पण प्रथिन कसे वळते, कसे चिकटते हे कळल्याशिवाय तो वाद मिटणार नाही, हे उघड आहे.

मग हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता का येत नाही? कारण आकार इतका लहान आणि घटना इतकी चपळ की कोणत्याही एका यंत्राला ती सबंध दिसत नाही. प्रथिनाचा स्थिर आकार क्ष-किरणांच्या साहाय्याने काढता येतो. या विद्येत भारतीयांनी मोलाची भर घातली आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेला नकाशा, म्हणजे माळ कोणत्या कोनांत वळू शकते व कोणत्या नाही याचे चित्र, आजही जगभरचे विद्यार्थी 'रामचंद्रन आलेख' म्हणूनच शिकतात. पण स्थिर आकार म्हणजे फोटो. हालचाल पाहायची तर गणितच करावे लागते. प्रत्येक अणूवर शेजारच्या अणूंची ओढ किती, ढकल किती, हे काढायचे. त्यावरून तो क्षणभराने कुठे असेल हे ठरवायचे. आणि पुन्हा पहिल्यापासून. हा 'क्षण' किती लहान? एका सेकंदाचे हजार भाग करा, त्यातील एका भागाचे पुन्हा पन्नास हजार कोटी भाग करा, त्यातला एक! म्हणजे प्रथिनाच्या हालचालीचा एक सहस्रांश सेकंद पाहायला पन्नास हजार कोटी पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला भोवतालच्या पाण्यासकट हजारो अणूंचा हिशेब.

एवढ्यासाठी महासंगणक लागतो आणि महासंगणक मिळणे सोपे नसते. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला हवा तसा महासंगणक नाकारला, त्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, हे आपल्या वाचकांना स्मरत असेल. परमचे तत्त्वही पुष्कळ लहान संगणकांनी मिळून एक मोठे काम करावे हेच होते. फरक इतकाच की तिथे सारे एका खोलीत तारांनी जोडलेले असतात. इथे एक सांगलीला, एक ओसाकाला आणि एक कुठे ब्राझीलमध्ये.

चाणाक्ष वाचक इथे विचारतील, की पुढची पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असेल तर काम वाटून द्यायचे कसे? प्रश्न रास्त आहे, आणि पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांचे खरे कौशल्य त्याच्या उत्तरात आहे. समजा, एका परक्या माणसाला जिल्ह्यातील एस.टी.चे सगळे मार्ग शोधून काढायचे आहेत. तो एकाच गाडीत बसून महिनाभर फिरला तरी त्याला चारदोन मार्गच कळतील. त्याऐवजी प्रत्येक थांब्यावर एकेक मुलगा उभा केला आणि 'इथून सुटलेली गाडी पुढे कोणत्या थांब्याला गेली' एवढेच लिहायला सांगितले, तर सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून साऱ्या जिल्ह्याचा नकाशा तयार होतो. कुठल्या मार्गावर गाड्या जास्त, कुठल्या आडवाटेला क्वचितच, हेही कळते. प्रत्येक घरचा संगणक हा असा थांब्यावरचा मुलगा. तो प्रथिनाच्या प्रवासाचा एक आखूड टप्पा पाहतो, आणि अनेक टप्पे जोडून शास्त्रज्ञ पूर्ण नकाशा मांडतात.

दुसऱ्या प्रकारचे काम याहून सरळ असते. रोगजंतूचे एखादे प्रथिन हे कुलूप समजा. त्यात बसून त्याला निकामी करील अशी किल्ली, म्हणजे रसायन, हवे. लाखो रसायने एकेक करून प्रयोगशाळेत तपासणे वेळखाऊ आणि महाग. म्हणून आधी ती संगणकात 'बसवून' पाहतात आणि बऱ्यापैकी बसणारी तेवढी प्रयोगशाळेत नेतात. आयबीएम कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू केलेल्या 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड'मध्ये अशी कामे पुष्कळ झाली. जपानमधील चिबा येथील संशोधकांनी लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगासाठी सुमारे तीस लाख रसायने अशी चाळली आणि २०१४ मध्ये त्यातून सात आशादायक निघाल्याचे जाहीर केले. तीस लाखांतून सात! स्वयंसेवकांच्या यंत्रांनी जो वेळ वाचवला तो हा. मात्र सात रसायने निघाली म्हणजे सात औषधे निघाली असे कोणी समजू नये. प्रयोगशाळेतून प्राण्यांवर, प्राण्यांवरून माणसांवर आणि माणसांवरच्या तीन टप्प्यांच्या चाचण्या, ही वाट बहुधा दहा वर्षांची असते आणि निघालेल्यांपैकी बहुतेक वाटेतच गळतात. हा उपक्रम २०२१ साली टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे गेला आणि स्थलांतराच्या खटपटीत २०२२ मध्ये काही महिने काम बंदही होते. लोकांच्या यंत्रांवर चालणाऱ्या उपक्रमालाही शेवटी कोणीतरी पगारी माणसे आणि मुख्य संगणक पुरवावेच लागतात, हे यात दिसते.

या साऱ्या उद्योगाची खरी परीक्षा करोनाच्या काळात झाली. २०२० च्या आरंभी फोल्डिंग अ‍ॅट होमवर सुमारे तीस हजार लोक काम देत होते. फेब्रुवारीअखेर त्यांनी करोना विषाणूच्या प्रथिनांवर काम सुरू करीत असल्याचे जाहीर केले, आणि जगभर टाळेबंदीत अडकलेल्या माणसांनी धाव घेतली. काही आठवड्यांत आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. मार्चमध्ये तर अशी वेळ आली की यंत्रे रिकामी बसली आणि त्यांना द्यायला तुकडेच उरले नाहीत. इर्जिकीला इतके बैल आले की शेतच कमी पडले! एप्रिलमध्ये या साऱ्यांची मिळून ताकद जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या एकत्रित ताकदीहून जास्त झाल्याचे संयोजकांनी सांगितले.

एवढ्या कष्टातून निघाले काय? करोनाच्या विषाणूवर जे काटे दिसतात, ते काटे पेशीला चिकटण्यापूर्वी उमलतात. हे उमलणे नेमके कसे होते आणि उमलताना कुठल्या खाचा उघड्या पडतात, याची चित्रे या गणितांतून मिळाली. २०२१ मध्ये ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. स्थिर फोटोत न दिसणाऱ्या या खाचा औषधासाठी नव्या जागा ठरू शकतात. त्याच सुमारास 'कोविड मूनशॉट' या नावाने अनेक देशांतील रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले. विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाला अडवणारी रसायने त्यांनी जाहीरपणे, पेटंट न घेता शोधली; कुठले रसायन बनवून पाहावे हे ठरवायला फोल्डिंग अ‍ॅट होमच्या स्वयंसेवकांची गणिते वापरली. त्याचा वृत्तान्त २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. दुकानात मिळणारी गोळी मात्र त्यातून साथीच्या काळात निघाली नाही. तुमच्याआमच्या दंडात गेलेल्या लशीही या यंत्रांनी शोधलेल्या नव्हेत. हे स्पष्ट लिहितो, कारण या विषयावर फुगवून लिहिण्याची खोड फार आहे.

आता एक नाजूक गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींच्या पत्नीला विस्मरणाचा आजार आहे. जेवण झाल्याचे आठवत नाही, मुलाला कधी भाऊ समजतात. गुरुजींच्या नातवाने या प्रकल्पाची माहिती दिल्यावर ते मुद्दाम दवाखान्यात आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आम्ही रात्रंदिवस यंत्र चालू ठेवतो. पेन्शनमधून बिल भरू. आमच्या मंडळींना याचा उपयोग होईल ना?" मी म्हटले, "नाही, गुरुजी. बाईंना होणार नाही. झाला तर आणखी पंधरावीस वर्षांनी दुसऱ्या कोणाला होईल." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग यांच्यासाठी मी काय करू?"

जे त्यांना सांगितले ते अनेक घरांना लागू आहे, म्हणून लिहितो. विसरभोळेपणा दिसला की तो अल्झायमरच असे धरून बसू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा मंदपणा, खिन्नता, झोपेच्या व अन्य काही गोळ्यांचा परिणाम, कानाने कमी ऐकू येणे यांमुळेही माणूस विसरल्यासारखा वागतो, आणि यातील बऱ्याच गोष्टी साध्या तपासणीने कळतात व उपचाराने सुधारतात. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवावा. न्हाणीघरात पकडायला दांडी बसवावी, रात्री मंद दिवा ठेवावा, खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी. "आत्ताच तर सांगितले" असे म्हणून खेकसू नये. आणि सांभाळणाऱ्याने आठवड्यातून एक दिवस तरी दुसऱ्या कोणाला बसवून बाहेर पडावे. गुरुजींनी बाईंची ब-१२ ची तपासणी करून घेतली. ते कमी निघाले, इंजेक्शने चालू आहेत. आजार त्याने गेलेला नाही, पण दुपारची चिडचिड कमी आहे. संगणकही त्यांनी लावला आहे, मात्र नातू अभ्यासाला बसतो तेवढेच तास.

आता यजमानांच्या बिलाकडे वळू. साधा मेजावरचा संगणक रिकामा चालू असताना समजा साठ वॅट घेतो. पूर्ण जोराने गणित करताना तोच दीडशे वॅट घेईल. फरक नव्वद वॅट. दिवसाला आठ तास धरले तर महिन्याला सुमारे बावीस युनिट जादा. हिशेबाला सोपे म्हणून दहा रुपये युनिट धरले तर सव्वादोनशेच्या आतबाहेर. पण आपल्या राज्यात १०० युनिटांपुढे दर एकदम चढतो. ज्यांचे बिल ऐंशी-नव्वद युनिटांवर असते त्यांची उडी या बावीस युनिटांनी पलीकडे पडते. अशा घरांनी हा उद्योग करू नये असे माझे मत आहे. यंत्र केवळ याचसाठी चालू ठेवायचे असेल, तर सबंध दीडशे वॅट धरावे लागतील, म्हणजे महिन्याला छत्तीस युनिट. खेळासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर काम पुष्कळ होते आणि वीजही त्याच प्रमाणात जाते. जुना, दहाबारा वर्षांचा संगणक या कामी लावणे म्हणजे खाणे दोन बैलांचे आणि नांगरट एकाची.

उष्णतेचेही तेच. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच चाळिशीला टेकलेली असते. तेव्हा यंत्राला पूर्ण जोराने पळवू नये. आतली धूळ वर्षातून दोनदा काढून घ्यावी. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवून तर हे मुळीच करू नये, खालची हवेची भोके बंद होतात. बॅटरी फुगलेली दिसली तर यंत्र ताबडतोब बंद करून दुरुस्तीवाल्याला दाखवावे. काही प्रकल्प मोबाइलवरही चालतात, पण आपल्या उन्हाळ्यात मी तो सल्ला देणार नाही. वीज मध्येच गेली तर घाबरण्याचे कारण नाही. हे प्रोग्राम केलेले काम अधूनमधून नोंदवून ठेवतात आणि तिथूनच पुढे सुरू करतात.

फसवणुकीबद्दल सावध करणे भाग आहे. खऱ्या प्रकल्पात तुमच्याकडून एक पैसा घेत नाहीत आणि तुम्हाला एक पैसा देत नाहीत. मिळतात ते गुण, म्हणजे नुसते आकडे; त्यावर मुलांची चढाओढ चालते. आधार क्रमांक, बँकेचे खाते, फोनवर आलेला सांकेतिक आकडा किंवा घरातल्यांच्या आजाराचे कागद कोणी मागितले तर तो प्रकल्प नव्हे, भामटा आहे. प्रोग्राम त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. कोणी पाठवलेल्या दुव्यावरून नको. परोपकाराच्या नावाखाली आपल्या यंत्रावर आभासी चलन पाडून घेणारे लोकही असतात. आणि शाळेच्या, बँकेच्या, कचेरीच्या संगणकावर लेखी परवानगीवाचून असे काही बसवू नये. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील एका तंत्रशिक्षण महाविद्यालयातील संगणक-व्यवस्थापकाने १९९९ च्या सुमारास असाच एक प्रोग्राम तेथील यंत्रांवर बसवला. तो वैद्यकाचा नव्हता, सांकेतिक लिपी उलगडण्याचा होता. पण त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला आणि २००२ मध्ये तडजोड होईपर्यंत त्याच्या डोक्यावर तुरुंगवासाची तलवार होती.

महाविद्यालयीन विद्यार्थी हटकून एक प्रश्न विचारतात: आता कृत्रिम बुद्धीचा 'अल्फाफोल्ड' हा प्रोग्राम प्रथिनाचा आकार क्षणात सांगतो, मग या इर्जिकीची गरज काय? अल्फाफोल्डने २०२० मध्ये हे करून दाखवले, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याचे जनक डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना, तसेच नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना मिळाले. हेच बेकर २००५ पासून चाललेल्या 'रोझेटा अ‍ॅट होम' या स्वयंसेवी उपक्रमामागचे शास्त्रज्ञ होत. त्यांच्याच मंडळींनी २००८ मध्ये 'फोल्डिट' नावाचा खेळ काढला. त्यात यंत्र नव्हे तर माणसे प्रथिनाची घडी घालतात. माकडांमधील एड्ससारख्या रोगाशी संबंधित एका विषाणूच्या प्रथिनाचा वर्षानुवर्षे अडलेला आकार २०११ मध्ये या खेळाडूंनी काही आठवड्यांत सोडवून दाखवला. तर, अल्फाफोल्ड मुख्यतः फोटो देतो. काटा उमलतो कसा, खाच उघडते केव्हा, एक मणी बदलल्यावर प्रथिन डगमगते का, याला अजूनही हालचालीचे गणित लागते. काही कामे त्यामुळे कालबाह्य झाली, काही नव्याने निर्माण झाली.

आपल्याकडे या धर्तीचा प्रयत्न झाला तो यंत्रांपेक्षा माणसांच्या जोरावर. सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेने २००८ साली खुल्या औषधसंशोधनाचा प्रकल्प काढला. क्षयाच्या जंतूत सुमारे चार हजार जनुके असतात. त्यांची माहिती नव्याने लावण्याच्या कामी देशभरातील शेकडो विद्यार्थी बसले होते. जगातील क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आपल्या देशात असताना हा विषय आपलाच आहे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनाही यात करण्यासारखे काम आहे: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या शेजाऱ्याला थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात घेऊन जाणे. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. सिकल सेलच्या पट्ट्यात लग्नाआधी रक्ततपासणी करून घेणे हेही तसेच.

शेवटी पत्रलेखिका भगिनींच्या मुलासाठी चार सूचना. प्रोग्रामच्या मांडणीत जाऊन 'संगणक रिकामा असतानाच' हा पर्याय निवडावा आणि ताकद निम्म्यावर आणावी. पंख्याची घरघर बरीचशी तिथेच थांबेल. उन्हाळ्यात दुपारी बंद ठेवावे. दर महिन्याचे बिल मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावे आणि ते काम त्यानेच करावे, आईने नव्हे. परीक्षेच्या काळात वा बाहेरगावी जाताना थांबवायचे असेल तर एकदम उडवून न टाकता, हातातला तुकडा पूर्ण करून थांबण्याची जी सोय फोल्डिंग अ‍ॅट होममध्ये दिलेली आहे ती वापरावी. अर्धवट टाकलेला तुकडा वाया जात नाही. मुदत संपली की मुख्य संगणक तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरी पाठवतो, फक्त तेवढे दिवस तो अडकून राहतो.